पाचव्या लेव्हलला एकच फायटर लढाई संपवतो: बिल्ड आवरायची की बाकीच्यांना वर आणायचं?

नवा_डीएम
मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा रोलप्ले खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पाच जणांची पार्टी, लेव्हल ५. एक फायटर व्हेरियंट ह्यूमन आहे: पहिल्या लेव्हलला पोलआर्म मास्टर हे फीट (निवडून घ्यायची खास क्षमता; यात दांड्याने एक जादा हल्ला), चौथ्याला ग्रेट वेपन मास्टर (हल्ल्याला उणे पाच घेऊन डॅमेजला अधिक दहा), हातात ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं), स्ट्रेंग्थ १६. दुसरा फायटर लाँगस्वर्ड आणि ढालवाला, स्ट्रेंग्थ १८. धनुष्यवाल्या रेंजरने पात्राच्या पूर्वकथेला शोभतं म्हणून डेक्स्टेरिटी १४ वरच ठेवली आहे. क्लेरिक आणि बार्ड संवादात रमतात. लढाईत आपल्याला कामच उरत नाही, अशी बाकीच्यांची तक्रार आहे. शत्रूंचा एसी (हल्ला लागायला २० बाजूंच्या फाशाने बोनससह गाठायचा आकडा) वाढवू, की ग्रेट वेपन मास्टर बंद करू? की त्या खेळाडूला मुळात रोलप्लेच नको आहे, असं समजू?

ग्लेव्ह_गणित
आधी मोजा. एसी १५ धरा. उणे पाच घेऊन ग्लेव्हवाल्याचा हल्ला +१, म्हणजे लागण्याची शक्यता ३५ टक्के. लागला तर सरासरी १८.५ डॅमेज, बोनस ॲक्शनच्या (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीच्या) दांड्याचा १५.५. दोन हल्ले, एक दांडा आणि क्रिट (फाशावर २० आला की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून राऊंडला साधारण १९. उणे पाच न घेता हाच आकडा १४ वर येतो.

आता ढालवाला. ड्युएलिंग स्टाइल (एकहाती शस्त्राला +२ डॅमेज) असेल तर +७ ने ६५ टक्के, लागल्यावर १०.५, दोन हल्ल्यांचे मिळून १४. म्हणजे तफावत पाचची, आणि त्या बदल्यात त्याच्याकडे ढालीचा +२ एसी आहे. हा फायटर मागे नाही. फक्त वीसेक डॅमेजचा एक फटका सगळ्यांच्या लक्षात राहतो, सातत्याने लागणारे दोन दहा-दहाचे फटके राहत नाहीत.

खरी फट रेंजरची आहे. आर्चरी स्टाइल (धनुष्याच्या हल्ल्याला +२) धरूनही डेक्स १४ ला राऊंडला ९ च निघतात. हंटर्स मार्क (निवडलेल्या शत्रूला जादा डॅमेज देणारा स्पेल) लावला की १४. डेक्स १८ केली आणि मार्क लावला की १९, थेट ग्लेव्हच्या बरोबरीला! मार्क का लागत नाही ते आधी बघा. बऱ्याचदा कॉन्सन्ट्रेशन (असं लक्ष लागणारा एका वेळी एकच स्पेल टिकतो) दुसऱ्याच स्पेलवर अडकलेलं असतं, किंवा लक्ष्य मेल्यावर पुढच्या टर्नला बोनस ॲक्शनने मार्क हलवायचं राहून जातं. आकड्यांची मांडणी बदलायची मुभा द्या. पॉइंट बायच्या (गुण खर्चून आकडे घ्यायच्या पद्धतीच्या) २७ गुणांत १५, १४, १३, १२, १०, ८ बसतात. १५ वर वंशाचा निदान +१ आणि चौथ्या लेव्हलचा +२ मिळून १८ होते. त्यासाठी पूर्वकथेतली एक ओळसुद्धा बदलावी लागत नाही.

पडद्यामागे
एसी वाढवू नका. एसी १९ ला ग्लेव्हवाला उणे पाच घेणं सोडून देईल आणि ९.७ वर येईल, पण ढालवालाही ९.९ वर घसरेल आणि रेंजर मार्कशिवाय सहाच्या आसपास. मग प्रत्येकाचे निम्म्याहून जास्त हल्ले हुकतात आणि लढाई दीडपट-दुप्पट लांबते. ज्यांची तक्रार आहे तेच जास्त कंटाळतील.

बदल मैदानात करा. ग्लेव्हची पोच १० फूट, चाल ३० फूट. शत्रू दोन बाजूंना ६०-८० फुटांवर विखुरले की त्याचा निम्मा वेळ धावण्यात जातो आणि तिथे रेंजर उपयोगी पडतो. एक काम मारामारीपलीकडचं ठेवा: विधी थांबवणं, दार बंद करणं, कैद्याला बाहेर काढणं. दिवसाला एकच मोठी लढाई ठेवलीत तर ॲक्शन सर्ज (विश्रांतीनंतर परत मिळणारी फायटरची जादा ॲक्शन) दर वेळी ताजा मिळतो. २०१४ च्या डीएम गाईडने एका दिवसात सहा ते आठ मध्यम-कठीण एन्काऊंटर धरले आहेत. तितके शक्य नसतील तर तीन तरी ठेवा.

विस्डम सेव्ह, म्हणजे मनावरचा स्पेल झटकण्याचा रोल, हे ग्लेव्हवाल्याचं मर्म आहे (विस्डम १० असेल तर डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १४ पुढे ६५ टक्के वेळा तो हरतो), पण होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) सारखा वापरलात तर एक माणूस टेबलाशी नुसता बसून राहील.

डी४_क्लेरिक
क्लेरिकला सांगा की ब्लेस टाक. पहिल्या लेव्हलचा स्पेल-स्लॉट, तीन जण, हल्ल्याला आणि सेव्हला जादा डी४ (चार बाजूंचा फासा). ग्लेव्हवाल्याचे १९ चे २५.६ होतात, म्हणजे त्या एका फायटरमागेच राऊंडला साडेसहा डॅमेज क्लेरिकचा! पण ते श्रेय दिसत नाही. म्हणून ब्लेसचा डी४ क्लेरिकच्या खेळाडूनेच टाकावा. एक-दोनने हुकणारा फटका लागला की सगळ्यांना कळतं कोणामुळे लागला. बार्डचा फेअरी फायर तसाच: ॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा धरायचा) ३५ टक्क्यांचे जवळपास ५८ होतात. मात्र दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, तेव्हा या दोघांना मागे ठेवा आणि ढालवाल्याला त्यांच्यापुढे.

रोलप्लेबद्दल: बिल्ड घट्ट असणं आणि अभिनय कच्चा असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट समजुतीला फोरमवर 'स्टॉर्मविंड फॅलसी' म्हणतात. तुमचा बार्डही ऑप्टिमाइझ्डच असू शकतो: करिश्मा १८ आणि पर्सुएजनमध्ये (मन वळवण्यात) एक्सपर्टीज (कौशल्याचा बोनस दुप्पट) म्हणजे +१०, डीसी १५ ला ८० टक्के यश. त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण संवादात बाकीचेही बोलतात.

नवा_डीएम
रेंजरला आकडे बदलायला सांगतो. बंदी नकोच म्हणता?

ग्लेव्ह_गणित
नको. मोहिमेच्या मधोमध बंदी घातली तर ग्लेव्हवाल्याचं चौथ्या लेव्हलचं फीट वाया जातं. फारच खुपत असेल तर सगळ्यांशी बोलून २०२४ च्या नियमांवर जा. तिथे उणे पाच-अधिक दहा नाही. अटॅक ॲक्शनमध्ये लागलेल्या जड शस्त्राला प्रोफिशियन्सी बोनसइतका (लेव्हलनुसार वाढणारा बोनस) जादा डॅमेज आहे, तुमच्या लेव्हलला +३. दांड्याच्या बोनस हल्ल्याला तो मिळत नाही. शिवाय हे आणि पोलआर्म मास्टर ही दोन्ही फीट्स चौथ्या लेव्हलच्या आधी घेता येत नाहीत, त्यामुळे फायटरला दोन्ही मिळून सहाव्या लेव्हललाच. पण बदल करायचाच तर अख्ख्या पार्टीची पात्रं नव्या नियमांनी पुन्हा बांधा. फक्त त्याचं एकट्याचं पान बदललंत तर ती शिक्षा वाटेल.