पन्ह्याचा गर फसफसतो, मठ्ठा कडू होतो – नेमकं कुठं चुकतंय?

कृष्णाकाठ (मिरज)
चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला 70-75 पेले पन्हं लागणार आहे. गर आधी करून ठेवायचाय. एक वाटी गराला दोन वाट्या किसलेला गूळ हेच प्रमाण, तरी आठव्या दिवशी बरणीत फेस आणि झाकण उघडलं की फुस्स. फ्रिज लहान, त्यात दुपारी लाईट जाते, म्हणजे गर बाहेरच टिकायला हवा. एका बरणीतला गर काळपटही झालाय. दुसरं, दही गोड असूनही सकाळचा मठ्ठा दुपारी कडू का लागतो? आणि रानात कामाला जाणाऱ्यांसाठी पोटाला आधार होईल असं थंड काय देता येईल?

विळी-पाट (सांगली)
प्रमाण बरोबर आहे हो, वाटी चुकीची आहे. गर वाटीत गच्च बसतो, किसलेला गूळ भुसभुशीत राहतो. 200 ग्रॅम गर मावणाऱ्या वाटीत किसलेला गूळ जेमतेम 130 ग्रॅम बसतो. म्हणजे तुम्ही एकास दोन समजून घालताय ते प्रत्यक्षात एकास सव्वा-दीड भरतं. एवढ्या गोडीत यीस्ट आरामात वाढतं. गर बाहेर टिकवायचा तर त्यात गोडाचा अंश वजनाने 65 टक्क्यांच्या वर हवा. म्हणून वाटी बाजूला ठेवा आणि काटा घ्या. 1 किलो गराला 2 किलो गूळ किंवा साखर.

75 पेल्यांचा हिशेब: पावणेदोन ते दोन किलो कैऱ्या घ्या, सोलून-गाळून साधारण किलोभर गर निघतो. देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, चीक निघून जातो. तो राहिला तर घशाला खवखवतं. कैऱ्या पाण्यात बुडवून उकडू नका. साल तडकते, पाणी आत शिरतं आणि गर पातळ होतो. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता, नुसत्या वाफेवर तीन शिट्ट्या. गार झाल्या की गर काढून स्टीलच्या चाळणीतून घासून घ्या, दोरे वरच राहतात.

मग गर आणि गूळ एकत्र गॅसवर. गूळ विरघळला की एकदा गाळा (गुळातली कचकच इथेच निघते), परत ठेवून चांगली उकळी आणा आणि सहा-सात मिनिटं ढवळत राहा. उलथन्यावरून थेंब ताटलीत टाका. तो घुमटासारखा राहिला, कडेने पाणी सुटलं नाही, की झालं. मीठ 30 ग्रॅम, वेलची 5 ग्रॅम, केशर ऐनवेळी. उन्हात तापवलेल्या कोरड्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरा. ओला चमचा एकदा जरी गेला तरी वरच्या थरात पाणी राहतं आणि फेसाची सुरुवात तिथूनच होते. पेल्याला दोन मोठे चमचे, म्हणजे 40 ग्रॅम. 3 किलोत 75 पेले बरोबर बसतात.

काळपट रंग लोखंडाचा. विळी, लोखंडी कढई, गंजका खिसणी-पत्रा यांतलं काहीतरी कैरीला लागलंय. बिनकल्हईचं पितळ तर त्याहून वाईट, ते आंबटाला चालतच नाही. गूळ मुळात काळसर असेल तर मात्र पन्हं तसंच दिसणार. रंग पिवळाधमक हवा असेल तर निम्मा गूळ, निम्मी साखर.

रवी-मंथन (कराड)
मठ्ठ्याचं उत्तर आल्यात आहे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा घटक असतो. तो तासन् तास दह्यात राहिला की दुधाच्या प्रथिनांचे तुकडे होतात आणि ते कडू लागतात. दही गोड असलं तरी काही फरक पडत नाही.

एक किलो दह्याला दोन लिटर गार पाणी, 20 ग्रॅम मीठ, 40 ग्रॅम साखर. आलं 20 ग्रॅम आणि तीन मिरच्या ठेचून, वाटीभर पाण्यात दोन मिनिटं उकळा, गार करून गाळा आणि ते पाणी मठ्ठ्यात घाला. उकळीने आल्यातला तो घटक निकामी होतो, मग मठ्ठा सकाळी केला तरी बिघडत नाही. कच्च्या आल्याचाच झणका हवा असेल तर वाढायच्या आधी दहा मिनिटं घाला.

मिक्सर नको. सायीचं दही जोरात फिरलं की लोण्याचे कण सुटतात आणि खाली पाणी उरतं. रवीने दोन-तीन मिनिटं पुरे. तुपाची फोडणीही नको, थंड ताकात ती गोठून वर पांढरे ठिपके तरंगतात. भाजलेलं जिरं चुरडून टाका. आणि पितळी पातेल्यात ठेवू नका, ताक कळकतं.

माळरान (जत)
रानासाठी ज्वारीची आंबील. आमच्याकडच्या माळावर याला तोड नाही. चार जणांना अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, ताजं दळलेलं. जुनं पीठ कडवट होतं आणि आंबवल्यावर ते जास्तच जाणवतं. रात्री वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये आठ तास बास, बारा झाले की उग्र वास येतो.

सकाळी तीन वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणा. आंबवलेलं पीठ आधी थोड्या पाण्याने सैल करा, मगच एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने ढवळा. उलट केलं, घट्ट पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर आठ मिनिटं. कढीइतकी पातळ असतानाच उतरवा, गार झाल्यावर ती घट्ट होते. पूर्ण गार झाल्यावरच दोन वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं. गरम असताना ताक घातलं तर फुटतं. वर बारीक चिरलेला कांदा. संध्याकाळपर्यंत संपवायची, दुसऱ्या दिवशी नाही.

रानात गार ठेवायला स्टीलच्या कॅनभोवती ओलं किंतान गुंडाळून सावलीत, वारा लागेल असं टांगा. पिशवीत कोंबलं तर पाणी उडत नाही आणि गारही होत नाही. मातीच्या माठात ताक-पन्हं ओतू नका, छिद्रांत वास मुरतो. बोअरच्या क्षाराने माठ पाझरायचा थांबला असेल तर काथ्याने घासा, साबण नको.

बेदाणा-शेड (तासगाव)
गोड हवं असेल तर हेही करून बघा. 100 ग्रॅम बेदाणा 300 मिली पाण्यात सहा तास भिजवून त्याच पाण्यात वाटा, गाळा, अर्धा लिटर पाणी, दोन लिंबं, काळं मीठ. साखर लागत नाही. फक्त भिजवण्याआधी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवा. द्राक्षं वाळवताना डिपिंग ऑइल (लवकर वाळावीत म्हणून लावायचं तेल) लावतात, पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरीही असते. लिंबू पिळताना साल दाबू नका, कडवटपणा तिथून येतो.

पन्ह्याच्या गरात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवण्यासाठी घालतात ती सल्फाइटची पावडर) घातलं तर?

विळी-पाट (सांगली)
एकास दोनला गरज नाही. कमी गोडाचा गर करून टिकवायचा असेल तर 10 किलोला 6 ग्रॅम, त्यापुढे नाही. घरच्या तीन किलोला दोन ग्रॅमपेक्षा कमी लागेल आणि ते स्वयंपाकाच्या काट्यावर नीट मोजता येत नाही. दम्याच्या माणसांना सल्फाइट सोसत नाही, हेही बघा. कोकमात तर नकोच, लाल रंग उडतो.

कृष्णाकाठ (मिरज)
कालच केलेली एक बरणी आहे. आता वजन करून बघितलं: घातला होता गर 600 ग्रॅम, गूळ वाट्यांनी सहा, पण वजनाने 790 ग्रॅमच भरतो. वाचेल का? फेस आलेल्या जुन्या बरणीचं काय?

विळी-पाट (सांगली)
600 ला 1200 हवा, म्हणजे 410 ग्रॅम कमी पडतोय. तेवढी साखर घाला, परत सहा मिनिटं उकळा, बाटली नवी कोरडी घ्या. फेसाची बरणी उकळून वाचवू नका, वास तसाच राहतो. ती ओतून द्या.