चौदाव्या शतकातला फ्रेंच सरदार, कूसीचा आँगराँ (सातवा), गद्दार होता?

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'आँगराँ म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा घरजावई, इंग्लंडचा म्हातारा राजा मेल्याबरोबर पळाला.' वाचून डोकं फिरलं. अहो १३६० मध्ये तो लंडनला गेला तो इंग्रजांनी पकडलेल्या फ्रान्सच्या राजाच्या खंडणीसाठी ओलीस म्हणून, हौसेने नाही. १३६५ ला इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या एडवर्डने, थोरली लेक इझाबेला दिली, खंडणीशिवाय मोकळं केलं, पुढच्या वर्षी बेडफर्डचा अर्ल केलं. १३६९ ला इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध परत पेटलं तेव्हा सासऱ्यावर तलवार उचलायची नाही आणि आपल्या राजावरही नाही म्हणून माणूस इटलीत पोपसाठी लढायला गेला. १३७७ ला सासरा वारल्यावर गार्टरचा मान (इंग्लंडच्या राजाची मानाची सरदार-मंडळी), तिकडच्या जमिनी, सगळं रीतसर परत केलं. गद्दार माणूस परत करत नाही, खिशात घालतो.

तळटीप: साफ असहमत. आठ वर्षं कुंपणावर बसायला दोन्हीकडे जहागिरी लागते, साध्या शिपायाला ते परवडत नाही. आणि १३७५ ला आईच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या लेकीच्या, वाट्यासाठी भाडोत्री फौजा स्वित्झर्लंडात घातल्या, गावंच्या गावं लुटली, ते कुठे गेलं?

सांजवात: तुमचं गद्दार-बिद्दार चालू द्या, आँगराँ-इझाबेलाच्या पोरींचं कोण बोलणार? मारी बापाकडे, फिलिपा इंग्लंडात. फिलिपाला रॉबर्ट द व्हीर या इंग्रज सरदाराला दिली, त्याने १३८७ ला इंग्लंडच्या राणीच्या सखीसाठी तिला टाकलं. आणि त्याची सख्खी आई मॉड सुनेच्या बाजूने उभी राहिली! माझ्या घटस्फोटात काका-मामा सगळे 'जुळवून घे' म्हणत होते, पाठीशी होत्या त्या एकट्या सासूबाई. मला ही मॉड आतून कळते.

तळटीप: ताई, हे अवांतर होतंय.

सांजवात: अवांतर?? ज्यांच्या लग्नांवर तुमचे तह उभे राहतात त्या मुली अवांतर? परत म्हणू नका.

तळटीप: बरं, शब्द मागे घेतो. मत नाही.

रानवारा: फिलिपाचं मान्य करावंच लागेल, बापाने मान-जमिनी परत केल्या आणि लेक तिकडेच राहिली. पण पळपुटा म्हणू नका हो, पन्नाशी उलटल्यावर तुर्कांविरुद्ध निकोपोलिसच्या लढाईला गेला, तुर्कांच्या कैदेत १३९७ ला बुर्सात मेला.

सांजवात: मारीचा नवरा आँरी द बार पण त्याच लढाईत पकडला गेला. बाप आणि नवरा एकाच वर्षी गेले, आणि १४०० मध्ये तिने कूसीची जहागीर फ्रान्सच्या राजाच्या भावाला, ऑर्लेआंच्या लुईला, विकली. तिच्यावर वेगळा धागा काढते.