निगमीकरण, खासगीकरण की कंपनीकरण?

खडकीकर: बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले, धाकटा भाऊ तिथेच मशिनिस्ट आहे. 2021 मध्ये फॅक्टरी एका नव्या कंपनीकडे गेली, तेव्हापासून या बदलाला काय म्हणायचं यावरून घरात वाद चालतो. बातम्यांत 'निगमीकरण', भावाच्या युनियनमध्ये 'खासगीकरण'. बाबा म्हणतात, फॅक्टरी सरकारचीच आहे, मग खासगी कसली?

भाषाप्रेमी: बाबांचं बरोबर आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला शस्त्रं-दारूगोळ्याचे सरकारी कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ बंद झालं आणि त्याचे 41 कारखाने 7 कंपन्यांत वाटले गेले. खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली, नागपूरची अंबाझरी यंत्र इंडियाकडे. कंपन्या सरकारच्याच मालकीच्या, म्हणून 'खासगीकरण' बसत नाही.

'निगमीकरण' मात्र हिंदीतून जसाच्या तसा उचललाय. तिकडचा निगम म्हणजे आपलं महामंडळ. त्यांचं जीवन बीमा निगम, आपलं आयुर्विमा महामंडळ. मराठी कानाला निगम म्हटलं की वेद आठवतात. बरं, 'महामंडळीकरण' म्हणावं तर तेही चूक. एसटी महामंडळ वेगळ्या कायद्याखाली उभं राहिलं, या सातही कंपन्या कंपनी कायद्याखाली नोंदल्या आहेत. मी 'कंपनीकरण'च लिहीन. साधा शब्द आहे, आणि झालंय तेच सांगतो.

खडकीकर: म्हणजे युनियनवाले चुकतात?

भाषाप्रेमी: शब्द चुकतो, भीती खोटी नाही. सरकारी खात्याचे शेअर नसतात, कंपनीचे असतात आणि ते विकता येतात. जहाजं बांधणारी माझगाव डॉक सरकारी कंपनीच, पण 2020 मध्ये तिचे शेअर बाजारात आलेच ना! त्यात 2021 च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला वर्षभरासाठी मिळाला होता. बोलायची एक वाट अशी अडवल्यावर माणूस हाताशी असलेला सगळ्यात जड शब्द वापरणारच. मला ते समजतं. तरी बातमीदाराने 'कंपनीकरण' आणि 'खासगीकरण' एकाच अर्थाने वापरू नयेत. उद्या खरंच विक्री झाली, तर तिला काय म्हणणार?

खडकीकर: पटलं. अजून एक. भावाच्या कागदावर 'डीम्ड डेप्युटेशन' आहे. मराठीत?

भाषाप्रेमी: 'मानीव प्रतिनियुक्ती'. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणातला (डीम्ड कन्व्हेयन्स) मानीव. प्रत्यक्षात घडलेलं नसलं तरी कायद्याने घडलं असं धरायचं. तुमचा भाऊ तोच भोंगा ऐकून त्याच गेटातून त्याच मशीनवर जातो, ही प्रतिनियुक्ती आहे तोवर केंद्र सरकारचा कर्मचारीच आहे. कागदावर मात्र तो दुसऱ्या आस्थापनेत कामाला गेलेला आहे.