ब्रँडचा निळा स्क्रीनवर छान, छापला की जांभळट. कोड कसे ठरवायचे?

ओझर_डेव्ह
पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष पॅकहाऊससाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. ब्रँडचा निळा स्क्रीनच्या हेक्स कोडात १एफ४एफई०, म्हणजे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) ३१, ७९, २२४. ऑनलाइन कन्व्हर्टरने सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे (सायन, मजेंटा, पिवळा, काळा) टक्के, दिलं ८६, ६५, ०, १२. व्हिजिटिंग कार्डावर तो जांभळट दिसतो, फ्लेक्सवर आणखी वेगळा. आता पुठ्ठ्याच्या खोक्यांवरही लोगो हवाय. ब्रँड गाइडमध्ये नक्की काय लिहू?

सातपूर_ऑफसेट
कन्व्हर्टरचा आकडा सोडून द्या भाऊ. ते नुसतं गणित आहे, त्यात ना कागद धरलाय ना शाई. एवढा झळाळता निळा चार शायांत बसतच नाही, तेव्हा हुबेहूब येणार नाही हे आधी धरून चाला.

जांभळट का? सायन ८६ आणि मजेंटा ६५, फरक फक्त २१. निळ्यात मजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी हवा. १००, ६०, ०, ० पासून सुरू करा आणि त्याच शीटवर मजेंटा ५०, ५५, ६५ च्या पट्ट्याही लावून घ्या. के, म्हणजे काळा, शून्यच ठेवा. १२ टक्के काळ्याने निळा मळतो. मॅट लॅमिनेशन करणार असाल तर ते झाल्यावरच पट्टी निवडा, रंग दबतो. बघायची दिवसा खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली नाही. पसंत पडलेल्या पट्टीवर सही-तारीख घालून एक प्रत प्रेसमध्ये ठेवा. पुढच्या ऑर्डरला आकड्यापेक्षा तीच कामाला येते.

लेटरहेडला पँटोन स्पॉट, म्हणजे नंबरवार ठरलेली तयार शाई, वापरा. सी आणि यू एकाच शाईचे नमुने आहेत, एक कोटेड (वर गुळगुळीत थर दिलेल्या) कागदावर, दुसरा अनकोटेडवर. लेटरहेडचा कागद अनकोटेड, म्हणून निवड यू पुस्तकातून. आणि बारीक मजकूर फक्त के १००. आरजीबीतला काळा चार प्लेटांत फुटतो, रजिस्टर, म्हणजे प्लेटांची जुळणी, जरा हललं की अक्षरांना रंगीत कडा येतात.

गंगापूररोड_यूआय
स्क्रीनसाठी भर घालतो. हा निळा पांढऱ्यावर साधारण ६.४:१ कॉन्ट्रास्ट देतो. डब्ल्यूसीएजीला (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीला) साध्या मजकुरासाठी ४.५:१ पुरतं. पण डार्क मोडमध्ये हेक्स १२१२१२ या जवळपास काळ्या पार्श्वभूमीवर तो २.९:१ वर येतो, म्हणजे बटणाच्या कडेला लागणाऱ्या ३:१ च्याही खाली. तिथे आरजीबी १२४, १५५, २५५ घ्या, ७:१ मिळतं. गाइडमध्ये हा वेगळा रंग म्हणूनच नोंदवा, नाहीतर कुणीतरी मूळ निळ्याची ऑपॅसिटी कमी करून, म्हणजे तो अर्धपारदर्शक करून, काम भागवतं आणि प्रत्येक पार्श्वभूमीवर नवाच निळा तयार होतो. एक्सपोर्ट कायम एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या प्रमाणित रंगपद्धतीत.

अंबड_पॅकेजिंग
तपकिरी पुठ्ठ्यावर चार रंगांचा हट्ट नको. शाई पारदर्शक असते, खालचा तपकिरी वर येतो आणि निळा मातकट दिसतो. एकाच गडद निळ्या शाईत फ्लेक्सो (लवचीक, उठावाच्या प्लेटने होणारी छपाई) करा, शाई त्याच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ओढून बघा. निळ्यात शाई न लावता मोकळी सोडलेली उलटी अक्षरं बारीक ठेवलीत तर शाईने भरून जातील. ब्रँडचा उजळ निळाच हवा असेल तर पांढरं स्टिकर.

फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरची जेपीईजी देऊ नका, पीडीएफ द्या. मशीन बदललं की प्रोफाइल, म्हणजे रंगांची सेटिंग, बदलतं, म्हणून मोठ्या बॅनरआधी त्याच मशीनवर, त्याच मालावर फूटभर तुकडा काढून घ्या.

ओझर_डेव्ह
म्हणजे गाइडमध्ये स्क्रीन लाइट, स्क्रीन डार्क, कोटेड, अनकोटेड आणि पुठ्ठा अशा पाच नोंदी. फ्लेक्सला वेगळा कोड लागेल का?

अंबड_पॅकेजिंग
नाही. तिथे कोटेडची सही केलेली पट्टी द्या आणि त्याला जुळवायला सांगा.