व्हीआरमुळे गेम खरंच सुधारतो का?

प्रश्न: रेसिंग आणि शूटिंग दोन्ही खेळतो. व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटने खेळात फरक पडेल, की नुसती हौस?

उत्तर १: रेसिंगमध्ये नक्की पडेल. मान वळवून वळणाचा आतला कोपरा बघता येतो, अंतराची खोली दिसत असल्याने ब्रेकचा अंदाज कमी चुकतो. मात्र ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवताना, प्रत्येक फ्रेम (चित्र) ११ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. होत नसेल तर आधी सावल्या आणि आरशांतली प्रतिबिंबं कमी करा, रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी.

उत्तर २: शूटिंगचं तसं नाही. डोळ्यांना वेग दिसतो, पण तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला (कानाच्या आतल्या भागाला) जाणवत नाही, म्हणून मळमळतं. कंट्रोलरच्या स्टिकने सलग वळू नका, ३० किंवा ४५ अंशांचं स्नॅप टर्न (एका झटक्यात तेवढंच वळणं) लावा. मळमळलं की थांबा; रेटून सवय होत नाही. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ (२०२०) हा शूटिंग गेम व्हीआरसाठीच बांधलाय. साध्या गेमला नंतर चिकटवलेले व्हीआर मोड बहुधा कंटाळवाणे.

उत्तर ३: धूसर दिसत असेल तर आधी बुबुळांमधल्या अंतराचं सेटिंग तपासा.