सेवाभावी संस्थेतील लेखापालाची नोकरी: पुढे वाव आहे का?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर)
मी शिवाजी विद्यापीठातून एम.कॉम. केले असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या हिशेब विभागात काम करतो. टॅली, जीएसटी आणि टीडीएसची विवरणपत्रे मी स्वतंत्रपणे हाताळतो. दिव्यांग मुलांचे वसतिगृह आणि ज्येष्ठांसाठी घरपोच शुश्रूषा चालवणाऱ्या एका संस्थेने मला लेखापालपदासाठी विचारले आहे. पगार सध्यापेक्षा कमी आहे आणि वडिलांच्या मते ट्रस्टचे हिशेब म्हणजे पावतीपुस्तक आणि कीर्द, त्यात शिकण्यासारखे काही नाही. पुढे पुन्हा कंपनीत यायचे ठरवल्यास हा अनुभव धरला जाईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त लेखापाल, राजारामपुरी)
वडिलांचा समज छोट्या मंडळांपुरता खरा आहे, आपण वर्णन केलेल्या संस्थेला तो लागू पडणार नाही. एखादे कुटुंब वडिलांच्या पुण्यतिथीला मुलांच्या एका दिवसाच्या जेवणाचा खर्च देते, एखादी कंपनी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) फिजिओथेरपीच्या साहित्यासाठी निधी देते आणि शासनाचे अनुदान ठरावीक पदांच्या वेतनासाठी येते. या तिन्ही रकमा एकाच संस्थेच्या असल्या तरी एकीची तूट दुसरीतून भरून काढता येत नाही. संस्थेची एकच बोलेरो सकाळी मुलांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेते आणि दुपारी आजींच्या ड्रेसिंगसाठी कर्मचाऱ्याला सोडते, तेव्हा डिझेलचे बिल लॉगबुकातील किलोमीटर पाहून दोन प्रकल्पांत विभागावे लागते, आणि चालकाने नोंद केली नसेल तर त्याच्या मागे लागणे हेही आपलेच काम. कॉर्पसमध्ये, म्हणजे संस्थेच्या कायम निधीत, रक्कम घ्यायची तर देणगीदाराचा तसा स्पष्ट लेखी निर्देश फाइलला हवा. मोठी देणगी आली म्हणून ती विश्वस्तांच्या मर्जीने कॉर्पसला टाकता येत नाही. शेतकऱ्याने दिलेल्या गुळाच्या ढेपांचीही साठा नोंदवहीत नोंद लागते.

उत्तर (सनदी लेखापालांच्या कार्यालयात कार्यरत, शाहूपुरी)
काकांनी रोजच्या कामाचे नेमके सांगितले आहे, मी कायद्याचे जोडते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार ताळेबंद अनुसूची आठप्रमाणे आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊप्रमाणे तयार करून लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावे लागतात. आयकराची सवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम संस्थेच्या उद्देशांवर खर्च व्हावी लागते किंवा ती विहित रीतीने पुढे राखून ठेवावी लागते. देणगीवरील आयकर वजावट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही, हे देणगीदाराला पावती फाडण्यापूर्वीच सांगितलेले बरे. परदेशी निधी असेल तर तो प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच घ्यावा लागतो आणि परदेशी निधीच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातील २० टक्क्यांहून अधिक रक्कम प्रशासकीय खर्चाला वापरता येत नाही. हे सारे व्यवस्थित सांभाळणारा माणूस कंपन्यांच्या सीएसआर विभागांना आणि आमच्यासारख्या कार्यालयांनाही उपयोगी पडतो. मात्र केवळ उत्पादनखर्चाच्या कामाकडे परतायचे असेल तर मधली वर्षे अडचणीची ठरतील, हेही खरे.

उत्तर (प्रकल्प समन्वयक, कागल)
सेवाभावाच्या ओघात पगाराचे प्रश्न विचारायचे राहून जातात, म्हणून लिहितो. आपले पद संस्थेच्या कायम आस्थापनेवर आहे की एखाद्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या, कारण प्रकल्प संपला की अशी पदेही संपतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्य निर्वाह निधीची तरतूद लागू होते. ती भरली जाते का, हे विचारण्यात संकोच नको. शिवाय मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. विश्वस्तांना दिलेल्या उचली वर्षानुवर्षे येणे बाजूला तशाच दिसत असतील, तर सही करणाऱ्या लेखापालाची गाठ कोणाशी पडणार आहे ते ओळखा.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. अहवाल मागितले असून पद वसतिगृहाच्या आस्थापनेवर आहे, असे कळले. उचलींचा मुद्दा मला सुचलाच नसता.

उत्तर (निवृत्त लेखापाल, राजारामपुरी)
अहवाल आले की लेखापरीक्षकाचे शेरे आधी वाचा, आकडे नंतर. एकच शेरा तिन्ही वर्षे आला असेल, तर तो का दूर झाला नाही हे सचिवांना मुलाखतीतच विचारा.