'केलस' दोघांत खेळताना प्रोव्होस्टला कसं आवरायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, विल्यम अत्तिया यांचा २००५ चा 'केलस' हा बोर्डगेम खेळणारं कोणी आहे का इथे? १२८९ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप नवा किल्ला बांधतोय, आपण त्याचे बांधकाम-मुकादम. आम्ही नवरा-बायको रोज रात्री पट मांडतो, फार जीव जडलाय या खेळावर.

अडचण प्रोव्होस्टच्या (राजाच्या अधिकाऱ्याच्या) सोंगटीची आहे. रस्त्यावर तिच्या पुढे असलेल्या इमारतींवर ठेवलेले कामगार फुकट जातात. एक नाणं दिलं की ती एक घर सरकते, एका वेळी जास्तीत जास्त तीन घरं. जो आधी पास म्हणतो तो आधी सरकवतो, म्हणजे शेवटचा शब्द दुसऱ्याचा! दोघांतच खेळ असल्यामुळे मध्ये पडणारं तिसरं कोणी नसतं आणि लांबच्या इमारतीवर कामगार ठेवायची हिंमतच होत नाही. तुम्ही प्रोव्होस्टसाठी नाणी राखून ठेवता, की सरळ जवळच्याच इमारती धरता?

शिवाय, किल्ल्याच्या बांधकामाच्या पहिल्याच टप्प्यात, म्हणजे मुख्य गढीच्या वेळी, किल्ल्याला माल द्यावा का? काहीच न दिल्यास दोन गुण जातात, पण दिला तर इमारतींना लाकूड उरत नाही. आणि राजाची मेहेरबानी (पटावरच्या बक्षिसांच्या एखाद्या रांगेत पुढे सरकण्याची संधी) मिळालीच, तर सुरुवातीला पैशांची रांग बरी की बांधकामाची? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.